मधल्या सुट्टीत कुणाबरोबर? ऑटिझम असलेल्या मुलांना पाचवी ते आठवीत रुळवताना

माझी मुलगी पाचवीत मोठ्या शाळेत गेली, त्या जूनपासून मी रोज एकच प्रश्न विचारायचे, "डबा संपवलास का?" ती "हो" म्हणायची आणि डबा खरंच रिकामा असायचा. गणपतीच्या सुट्टीआधी पालकसभेला गेले, तेव्हा शाळेतल्या मावशींनी बोलता बोलता सांगितलं, "तुमची पोर एकटीच जेवते हो, जिन्याखाली बसून." रोज का, विचारलं. "रोजच की." अडीच महिने! "कुणाबरोबर जेवलीस?" हे मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि जेवढं विचारलं तेवढ्याचंच नेमकं उत्तर द्यायचं हा तिचा स्वभाव आहे.

दिवाळीनंतर निदान झालं, ऑटिझम. आता ती नववीत आहे. मधल्या चार वर्षांत पुण्यातल्या एका साध्या मराठी शाळेत आम्ही जे चाचपडत शिकलो, ते क्रमाने लिहिते आहे. तिला विचारून लिहिते आहे. तिने जे गाळायला सांगितलं ते गाळलं आहे. मुलगा असो की मुलगी, बहुतेक गोष्टी दोघांनाही लागू पडतील, पण माझा अनुभव मुलीचा आहे हे लक्षात ठेवून वाचा.

आधी एका शब्दाबद्दल. मराठीत ऑटिझमला "स्वमग्नता" म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. माझी मुलगी स्वतःत मग्न कधीच नव्हती. जिन्याखाली बसून ती समोरच्या मुली कशा हसतात, कोण कुणाच्या खांद्यावर हात टाकतं, हे बघत होती. त्यांच्यात जायचं कसं, एवढंच तिला कळत नव्हतं.

१. पाचवीत नेमकं काय बदलतं ते समजून घ्या

चौथीपर्यंत एकच बाई दिवसभर असतात. त्यांना मूल पाठ असतं. पाचवीत तासागणिक शिक्षक बदलतात, वर्गात साठेक मुलं, आणि कोणत्याच शिक्षकांना मूल पूर्ण दिसत नाही.

याहून मोठा बदल मैत्रीत होतो. लहान वर्गात मैत्री म्हणजे विषामृत, पकडापकडी, लंगडी. नियम ठरलेले, आपली पाळी कधी येणार हे माहीत. सहावीच्या सुमारास, विशेषतः मुलींमध्ये, खेळ मागे पडतात आणि मैत्री म्हणजे गप्पा होते. कोण काय म्हणाली, कोण कुणाशी बोलत नाही, एका नजरेत सांगितलेलं दुसरीने ओळखायचं. या खेळाचे नियम कुणी मोठ्याने सांगत नाही. चौथीपर्यंत "थोडी अबोल आहे" म्हणून निभावलेली मुलं इथे एकदम उघडी पडतात. आमचं निदान पाचवीत झालं ते योगायोगाने नव्हे.

२. कागद वेळेवर करून ठेवा

हे काम कंटाळवाणं आहे, पण दहावी तोंडावर आल्यावर करायला गेलात तर धावपळ होते. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडून निदानाचा लेखी रिपोर्ट घ्या. मग "स्वावलंबन" या सरकारी पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज भरा आणि सरकारी रुग्णालयात तपासणीला जा. पुण्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय ही लोकांना माहीत असलेली ठिकाणं. ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे "इसा" ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. मुलाचं बोलणं, लोकांशी वागणं, आवाज-स्पर्शाचा त्रास, सवयी अशा गोष्टी त्यात विचारतात. घरातलं रोजचं वागणं आठवून, उदाहरणांसकट आधीच लिहून न्या. तिथे ऐनवेळी काही सुचत नाही.

आमच्या फाईलमध्ये हे होतं:
- मुलीचं आधार कार्ड आणि जन्मदाखला
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- पत्त्याचा पुरावा
- निदानाचा मूळ रिपोर्ट आणि त्याच्या तीन झेरॉक्स
- आधी झालेल्या बुद्धिमापन चाचणीचा निकाल
- शाळेचं बोनाफाईड आणि मागच्या वर्षीचं प्रगतिपुस्तक

तपासणीच्या दिवशी गर्दी आणि ताटकळणं धरून चला. आम्ही कानांवर लावायचे हेडफोन, तिचं पुस्तक आणि दोन वेळचं खाणं घेऊन गेलो.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझम आहे. सरकारमान्य शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता सामावून घ्यावं आणि गरजेप्रमाणे सोयी द्याव्यात, असं त्याचं कलम १६ सांगतं. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बऱ्याच सवलतींचा रस्ता मोकळा होतो. पण एक खरं सांगते, कायद्याचा कागद मी शाळेत एकदाच बाहेर काढला. बाकी सगळं पुढच्या एका पानावर झालं.

३. शाळेला चौदा पानांचा रिपोर्ट देऊ नका, एक पान द्या

मी पहिल्यांदा अख्खा रिपोर्ट झेरॉक्स करून दिला होता. तो मुख्याध्यापकांच्या कपाटात गेला आणि तिथेच राहिला. इतक्या मुलांच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांकडून तो वाचून होणं शक्य नव्हतं, मी त्यांना दोष देत नाही. दुसऱ्या वर्षी एक पान केलं, मोठ्या अक्षरात. त्यातली काही वाक्यं:

"ती तुमच्याकडे बघत नसली तरी ऐकत असते. 'माझ्याकडे बघ' म्हटलं की तिचं ऐकणं थांबतं."

"सूचना एका वेळी एक द्या, आणि फळ्यावर लिहिता आली तर फार मदत होईल."

"ती तुमची चूक सर्वांसमोर दाखवेल. हा उद्धटपणा नाही. 'तास संपल्यावर सांग' म्हणालात तर ती थांबेल."

"'गट करा' असं म्हणून सोडून दिलंत तर ती एकटी उरते. तिला नाव घेऊन गटात घाला."

"खूप गोंगाट झाला तर ती लाल कार्ड बाकावर ठेवेल. तेव्हा तिला पाच मिनिटं पाणी प्यायला जाऊ द्या."

पान शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिकांना स्वतः भेटून द्या. पीटीच्या सरांना विसरू नका, कारण मैदानावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि शिट्टीचा आवाज असतो. मावशींना आणि व्हॅनकाकांना कागद न देता तोंडी सांगा. आमच्या व्हॅनकाकांनी तिची जागा पुढच्या खिडकीजवळ कायमची ठरवून दिली आणि सकाळचं निम्मं रडणं थांबलं.

फसगत कुठे होते: "तिच्याकडे विशेष लक्ष द्या" असं मोघम सांगू नका. चांगल्या मनाच्या एका बाईंनी हे ऐकून वर्गात उभं राहून जाहीर केलं, "हिला त्रास देऊ नका बरं का, ही वेगळी आहे." त्या दिवसापासून आठवडाभर तिला "वेगळी" म्हणूनच हाक मारत होते.

४. मधली सुट्टी आखून द्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. आपण सगळा जोर तासांवर आणि मार्कांवर लावतो. तासाला बाक ठरलेला असतो, वेळ ठरलेली असते, काय करायचं ते ठरलेलं असतं. मधल्या सुट्टीत यातलं काहीच नसतं. चारशे मुलं एकदम पटांगणात, वर आवाज, वास, धक्के. "जा, खेळ सगळ्यांत" असं सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीच्या काठावरून शुभेच्छा देणं.

आम्ही सुट्टीचे दोन भाग केले. पहिली दहा मिनिटं डबा: ठरलेला बाक, ठरलेली एक मुलगी. ती मुलगी वर्गशिक्षिकांनी निवडली. हुशार, मॉनिटर असलेली नव्हे, तर शांत आणि फारशी कुणाच्या गटात नसलेली. तिलाही सोबत हवीच होती. कुणावर उपकार होत नव्हते, म्हणून ते टिकलं.

उरलेल्या वेळेला काम. मंगळवारी आणि गुरुवारी ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायचे. तिथे आणखी दोन मुली असायच्या. हातात काम असलं की बोलायची सक्ती नसते, आणि सक्ती नसली की ती बोलते. बाकीच्या दिवशी पटांगणात, पण "कुठे उभी राहीन" हे सकाळीच ठरलेलं. आठवड्याचे सहाही दिवस ग्रंथालयात ठेवू नका. शाळा त्याला पटकन तयार होते, कारण मग कुणाला काही बघावं लागत नाही, आणि मूल वर्गातून अलगद गळून पडतं.

डब्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे मला कोणत्याच थेरपिस्टने सांगितलं नाही. आपल्या शाळांमध्ये मैत्री डब्यातून होते. एकीच्या डब्यात दुसरीचा हात जातो, "ए, आज काय आणलंस?" म्हणत झाकण उघडलं जातं. माझ्या मुलीला तिच्या पोळीला दुसऱ्या कुणाचा हात लागला की ती पोळी खाता येत नाही. पाचवीत तिने एकदा डबा हिसकावून घेतला, मुली तिला "कंजूस" म्हणाल्या आणि ती जिन्याखाली गेली. सगळं तिथून सुरू झालं होतं.

उपाय साधा निघाला: दोन डबे. एक तिचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. दुसरी छोटी डबी वाटायची. शंकरपाळे, चकलीचे तुकडे, राजगिऱ्याच्या वड्या, काहीही सुटं आणि कोरडं. ती डबी उघडून मध्ये ठेवायची आणि "घ्या" म्हणायचं. एवढंच. कुणी आपल्या डब्यातलं दिलं आणि खायचं नसेल तर म्हणायचं वाक्यही ठरवलं: "आज पोट भरलंय, उद्या दे." मला ते थोडं खोटं वाटलं, तिला तर फारच खोटं वाटलं. शेवटी तिने स्वतःचं केलं: "मला दुसऱ्याचं खाता येत नाही, पण वास छान येतोय." ते माझ्या वाक्यापेक्षा चांगलं चाललं.

५. न बोललेले नियम बोलून दाखवा

पुण्यात हे काम दुप्पट आहे, कारण इथे सरळ बोलण्याइतकंच टोमण्यात बोललं जातं. उशिरा आलेल्या मुलीला सर म्हणतात, "या, या, महाराणी, चहा सांगू का?" माझी मुलगी म्हणाली, "नको, मी चहा पीत नाही." वर्ग हसला, सर चिडले. ती मात्र विचारलेल्या प्रश्नाचं सभ्य उत्तर देऊन उभी होती. दुसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "पुन्हा आवाज आला तर बाहेर उभं राहायचं." पाच मिनिटांनी हिच्या हातून कंपासपेटी पडली आणि ही आपणहून बाहेर जाऊन उभी राहिली. तास संपेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एक दोनशेपानी वही करा. डाव्या पानावर जे ऐकलं ते, उजव्या पानावर त्याचा अर्थ. "घर डोक्यावर घेतलंय", "शेफारलीस हं", "बघू नंतर" (याचा अर्थ बहुतेक वेळा "नाही" असतो), "भारीच शहाणी आहेस" (कौतुक की टोमणा, हे आवाजावरून ठरवायचं, आवाज कळला नाही तर घरी येऊन विचारायचं). आमची ती वही सातवीपर्यंत चालली. तिला ती परभाषेच्या शब्दकोशासारखी वाटायची आणि तिने ती लाज न बाळगता वापरली.

अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला "सोशल स्टोरीज" नावाची पद्धत मांडली. एखादा प्रसंग मुलाच्या बाजूने, छोट्या खऱ्या वाक्यांत लिहायचा: काय होईल, लोक तसं का करतात, मी काय करू शकते. इंग्रजीतल्या तयार गोष्टी आणू नका. त्यातला कॅफेटेरिया आणि लॉकर आपल्या मुलांच्या काय कामाचा? "पाणी प्यायच्या नळावरची रांग", "ऑफ तासाला काय होतं", "कुणी कट्टी घेतली तर" अशा तुमच्या शाळेच्या गोष्टी मराठीत, मुलाच्या बोलीत लिहा. आणि त्यात उपदेश घालू नका, लगेच कळतं त्यांना.

दोन नियमांनी आमचे निम्मे तंटे मिटले. पहिला, चुगलीचा. नियम मोडलेला तिला सहन होत नाही, म्हणून च्युइंगम खाणाऱ्यापासून गृहपाठ उतरवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं ती बाईंना सांगायची. आम्ही ठरवलं: कुणाला लागलं, कुणी रडतंय किंवा कुणी धोक्यात आहे, तर लगेच मोठ्यांना सांगायचं. बाकीचं वहीत लिहून घरी मला सांगायचं. दुसरा, आवडत्या विषयाचा. तिला रेल्वे आणि मेट्रो यांबद्दल तासभर बोलता येतं. तीन वाक्यं बोलायची, मग समोरच्याला एक प्रश्न विचारायचा. त्याने विषय बदलला तर तो कंटाळला, त्याने विषयाबद्दलच प्रश्न विचारला तर पुढची तीन वाक्यं.

६. आवडीच्या रस्त्याने एक मैत्रीण

दहा नकोत, एक पुरे. आणि ती वर्गातलीच हवी असं नाही.

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश संशोधकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, एक मुद्दा मांडला. ऑटिस्टिक आणि इतर माणसांत जी गफलत होते ती दोन्ही बाजूंची असते. त्यांना आपण जितके कळत नाही, तितकेच तेही आपल्याला कळत नसतात. पुढे २०२०च्या एका अभ्यासात असं दिसलं की ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत एकाकडून दुसऱ्याकडे माहिती तितकीच नीट पोचते जितकी इतरांच्या साखळीत. अडचण आली ती मिश्र साखळीत. हे वाचल्यावर मी मुलीला "दुरुस्त" करण्याचा नाद सोडला आणि तिच्यासारखं बोलणारी माणसं शोधायला लागले.

पुणे या बाबतीत श्रीमंत आहे. कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे चालत्या गाड्यांचं अख्खं गाव मांडलेलं आहे. आकाशाची आवड असेल तर टिळक स्मारक मंदिरात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं असतात. बुद्धिबळाचे वर्ग तर पेठेपेठेत. अशा ठिकाणी मुलं एकमेकांकडे न बघता एकाच गोष्टीकडे बघतात, आणि आपल्या मुलांना हेच सोयीचं पडतं.

मैत्रिणीला घरी बोलावण्याची घाई करू नका. आमची पहिली यशस्वी भेट मेट्रोत झाली. वनाजहून निघायचं, सिव्हिल कोर्टला उतरून जमिनीखालच्या मार्गावर जायचं, स्वारगेटपर्यंत जाऊन परत. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, मध्ये खिडकी. शेजारी शेजारी बसायचं, त्यामुळे नजरेला नजर द्यायचा प्रश्न नाही. दीड तास. दुसऱ्या मुलीच्या आईला आणि मला मागच्या सीटवर बसून वाटलं, या बोलतच नाहीयेत. उतरल्यावर दोघींनी विचारलं, "पुढच्या रविवारी पिंपरीकडे जायचं?"

वाढदिवसाच्या पार्टीला मात्र पूर्ण वेळ ठेवू नका. फुगे, स्पीकर, वीस पोरं. केक कापायच्या आधी अर्धा तास लवकर पोचायचं, घर शांत असताना उत्सवमूर्तीशी बोलून घ्यायचं आणि केक झाला की निघायचं. यजमानांना आधी सांगितलं तर कुणी वाईट मानत नाही.

७. घरी आल्यावरचा अर्धा तास सोडून द्या

"आमच्याकडे तर अगदी शहाण्यासारखी असते." हे वाक्य तुम्हाला शाळेतून ऐकायला मिळेल, विशेषतः मुलगी असेल तर. आणि तीच मुलगी व्हॅनमधून उतरून दार लागताच दप्तर फेकते, मोज्यांवरून ओरडते, पलंगाखाली जाऊन रडते. मला वर्षभर वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. दिवसभर ती दुसऱ्या मुलींचं हसणं, उभं राहणं, "अगंऽऽ" म्हणणं हुबेहूब उचलत असते. याला मास्किंग म्हणतात, मुखवटा लावून वावरणं. तो मुखवटा घरी उतरतो तेव्हा त्याखाली थकवा असतो.

घरी आल्यावर अर्धा तास एकही प्रश्न नाही. पाणी, खाणं, पंखा, अंधारी खोली. आजीला हे पटवायला सगळ्यात वेळ लागला, कारण नातीला "काय झालं गं शाळेत?" विचारणं हेच त्यांचं प्रेम होतं. आता त्या न बोलता गूळ-शेंगदाण्याची वाटी ठेवून जातात.

म्हणूनच सांगते, डोळ्यांत बघायला लावणारे, हात हलवणं बंद करायला लावणारे क्लास टाळा. मूल बाहेरून "नॉर्मल" दिसतं आणि आतून रिकामं होत जातं. ओळख करून घ्यायला, नकार द्यायला, मदत मागायला शिकवणारे चांगले थेरपिस्ट आहेत. पहिल्या भेटीत एवढंच विचारा, "तिला एखादी गोष्ट नको असली तर तुम्ही काय करता?" उत्तरावरून कळतं.

८. थट्टा आणि छळ यांतला फरक तिला शिकवा, तुम्हीही शिका

उघड चिडवणं दिसतं. आपल्या मुलांना जास्त धोका मैत्रीच्या नावाखाली होणाऱ्या गोष्टींचा असतो. "आमच्या ग्रुपमध्ये यायचंय ना? मग जा, त्याला जाऊन आय लव्ह यू म्हण." माझी मुलगी गेली आणि म्हणाली. तिच्या लेखी ती प्रवेशाची अट होती आणि तिने ती पूर्ण केली होती.

आम्ही तीन प्रश्नांची चाळणी केली: ही गोष्ट ती मुलगी स्वतः करते का? मला हे आईला किंवा बाईंना सांगू नको म्हणाली का? झाल्यावर सगळे हसले तेव्हा मलाही हसू आलं का? एकाचं जरी उत्तर बोचलं तरी करायचं नाही आणि घरी सांगायचं.

वस्तू हरवणं, डबा न खाता परत येणं, रविवारी रात्री पोटात दुखणं, ही लक्षणं बघा. तारीख-वार लिहून ठेवा. आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेच्या शिक्क्यासह पोच. तोंडी तक्रार चार दिवसांत विरते. अपमान शिक्षकांकडूनच होत असेल तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही मना करतं. मी कायदा बाहेर काढला तो या प्रसंगी. अंगाला हात लावण्याचा प्रकार असेल तर वाट बघू नका, तिथे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा आहे, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन दिवसरात्र चालते.

९. गणपती, गॅदरिंग, सहल, पाळी

शाळेच्या गणपतीला ढोल-ताशा असतो. हेडफोन द्या आणि मिरवणुकीच्या शेवटी उभं राहायची परवानगी आधीच मागून ठेवा. गॅदरिंगला रंगमंचावर जायची इच्छा नसेल तर पडदा, प्रॉपर्टी, गाणी लावणं असं पडद्यामागचं काम मागा. तिथली मुलं वर्षानुवर्षं एकत्र राहतात. सहलीला बसमधली जागा आणि शेजारीण आदल्या दिवशी ठरवून घ्या.

पाळीबद्दल सहावीच्या आधीच बोला. आम्ही वेगवेगळ्या कापडाचे, जाडीचे पॅड घरी तासतासभर लावून बघितले, कारण तिला कडांची टोचणी सहन होत नव्हती. आणि हा विषय कुणाशी बोलायचा याची यादी नावांनिशी केली: आई, आजी, शाळेतल्या मावशी, अमुक बाई. ती यादी नव्हती तेव्हा तिने भूगोलाच्या सरांना सुट्टीचं खरं कारण पूर्ण वाक्यात सांगितलं होतं.

१०. तिला स्वतःला सांगा, आणि वर्गाच्या आधी सांगा

आम्ही वर्षभर लपवलं. डॉक्टरांना भेटायला जाताना "अभ्यासाचं बघायला" म्हणायचो. शेवटी सहावीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, गच्चीवर, तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटायचं, मैत्रिणी कशा करायच्या याचा एक तास झाला असणार आणि मी त्या दिवशी गैरहजर होते."

वर्गाला सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं. आमच्या मुलीने दोन वर्षं "नको" म्हटलं आणि आम्ही ते पाळलं. आठवीत तिने फक्त ग्रंथालयातल्या दोघींना सांगितलं. एक म्हणाली, "बरं," आणि शिक्का पुढे केला.

या जूनचं एक पान मी नेहमीप्रमाणे टाइप करून तिच्यापुढे ठेवलं. "मैत्रिणी करायला तिला मदत करावी" हे वाक्य तिने पट्टी लावून खोडलं. त्याच्या वर निळ्या पेनाने लिहिलं, "गटकामाला मला नावाने गटात घाला. बाकीचं मी बघते."